पडद्याची वजनं

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. पाकीट बघून म्हणशील, फोन असताना हिला हे काय सुचलं. फोनवर मला बोलताच येत नाही गं. भिंगरी दिवसभर माझ्या मशीनखाली बसलेली असते, पडद्याच्या कड्या रंगाप्रमाणे वेगळ्या करत, आणि कान सगळे माझ्याकडे. परवा ह्यांना फोनवर एवढंच म्हणाले, "हिला परत आली," तर खालून आवाज, "काय आली, आई?" सहा वर्षांच्या मुलीला काय सांगू? पत्र तरी तिला वाचता येत नाही. जोडाक्षरं आली की अडते.

फिट येते, ताई. ऑगस्टपासून. आधी साधा ताप होता, चार दिवसांत गेला. मग एका सकाळी दात घासताना तोंडाची डावी बाजू खेचली, डावा हात झटके द्यायला लागला आणि ती बेसिनपाशी कोसळली. तुला कळवलं नाही, कारण डॉक्टर म्हणाले होते, एखाद्या वेळी होतं असं मुलांना. आता आठवड्याला तीन होतात. दोन औषधं चालू आहेत. डोक्याचा स्कॅन काढला, तो अगदी चांगला आला. मग चांगल्या डोक्यात हे कुठून येतं?

मधल्या वेळात ती ठणठणीत असते. नेहमीसारखी भिरभिरते, पडद्याच्या कापडात स्वतःला गुंडाळून घेते आणि माझा ओरडा खाते. दमली की फक्त डाव्या हाताची बोटं जराशी उडतात. दमल्यामुळेच असेल.

पुढच्या महिन्यात मेंदूचा आलेख काढायचा म्हणतात. म्हणजे तुझंच काम ना ते? काय करतात, दुखतं का, सगळं लिही. हे ट्रक घेऊन गेलेत, तीन आठवडे येणार नाहीत. इकडे एका कचेरीचे अठरा पडदे पडलेत. शिवून झाले, खालच्या दुमडीत वजनं घालायची राहिलीत. तीच ती, शिशाची, बटणाएवढी चपटी. ती घातली की पडदा सरळ पडतो, पंखा सोडला तरी हलत नाही. पण शिवताना लक्ष सगळं खाली मशीनच्या पायाशी. दोनदा बोटात सुई गेली.

लवकर लिही.

तुझी धाकटी


२४ जानेवारी

धाकटे,

तुला आधी दोन धपाटे घालायला हवेत. ऑगस्टपासून! आणि मी इथे रोज दुसऱ्यांच्या मुलांच्या डोक्याला तारा चिकटवतेय. एकोणीस वर्षं हेच करतेय, मला नाही विचारायचं तर कुणाला?

आता नीट ऐक. दुखत नाही. डोक्यावर वीस-एकवीस ठिकाणी चिकट मलम लावून तारा बसवतात, मेंदूत चालणारी बारीकशी वीज त्यातून मशीनवर उमटते. आदल्या दिवशी केस धू, तेल अजिबात नको. पहाटे लवकर उठव, म्हणजे तिथे झोप लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात-पाय हलू देऊ नकोस. मूल हललं की तारा हलतात आणि आलेखात नुसता कचरा येतो, मग डॉक्टर आमच्या नावाने खडे फोडतात. तिची बोटं उडतात म्हणतेस ना, तर घट्ट धर, गोष्ट सांग, काहीही युक्ती कर, पण हात स्थिर राहिला पाहिजे. माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येक आईला मी हेच सांगते.

एक वही कर. तारीख, वेळ, किती मिनिटं, अंगाची कुठली बाजू. डॉक्टरांना रडणं ऐकायला वेळ नसतो, वही वाचायला असतो.

आणखी एक. माझ्याकडे येणारी मुलं घाबरून कपडे ओले करतात, म्हणून मी एका खणात जुने फ्रॉक-चड्ड्या ठेवते. भिंगरीचे फ्रॉक आखूड झाले की टाकून देऊ नकोस, मला पाठव. तुझ्या हातची शिवण दहा पोरांना पुरते.

घाबरू नकोस. बहुतेक मुलांची औषधाने थांबते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

झाला एकदाचा आलेख. पाऊण तास हात म्हणून हलला नाही! तिथली बाई म्हणाली, इतकं शहाणं मूल महिन्यात बघितलं नाही. कसं जमवलं ते विचारू नकोस, आमच्या धंद्यातली युक्ती आहे. तू सांगितलंस आणि मी केलं, एवढंच.

तारा लावल्यावर भिंगरी विचारते, "आता माझ्या डोक्यातलं सगळ्यांना दिसणार?" बाई म्हणाली, हो. तर ही म्हणते, "मग मी तुमच्याबद्दल विचार नाही करत." बाईला हसू आवरेना. मीही किती दिवसांनी हसले.

अहवालाची प्रत सोबत आहे. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितला, तिसरं औषध लिहिलं. मला विचारलं, मधल्या वेळात हाताची काही हालचाल? तेव्हा ती माझ्या मांडीवर शांत बसली होती. मी म्हटलं, बघा ना तुम्हीच. त्यांनी बघितलं आणि लिहून टाकलं, हालचाल नाही.

शाळेने परत घेतलंय. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, हात असा नाचत राहिला तर बाकीची मुलं नक्कल करतात, वर्ग हाताबाहेर जातो. आता तीही तक्रार नाही.

वही केली आहे. जाड पुठ्ठ्याची.

धाकटी


३ जून

धाकटे,

तीन महिन्यांत दोन ओळी? इकडे माझा जीव टांगणीला लागलाय.

अहवाल मी चारदा वाचला. उजव्या बाजूला लहरी जराशा मंद आहेत, बाकी स्वच्छ. इतका स्वच्छ की मलाच चैन पडत नाही. इतक्या फिट येणाऱ्या मुलीचा असा नसतो. पहिल्या पत्रात बोटं उडतात असं लिहिलं होतंस, त्याचं पुढे काय झालं? वहीत आहे का ते? वहीची चार पानं उतरवून पाठव.

ताई


२८ जून

ताई,

तू सारखी तपासनिसासारखी का विचारतेस? बोटं ठीक आहेत. वहीची पानं पाठवते आहे, त्यात मे महिन्याच्या एकेचाळीस फिट आहेत. एकेचाळीस, ताई. त्यांचं विचार ना. एक पायरीवर, एक अंघोळीला, एक वाढदिवसाच्या केकपुढे फुंकर मारता मारता. मेणबत्ती विझली नाही आणि हिचं तोंड वाकडं झालं. सगळी पोरं आपापल्या आयांना चिकटली.

चौथं औषध चालू झालंय. त्याने ती पेंगते, कड्यांचे रंग चुकतात, लाल आणि केशरी एकत्र टाकते. पूर्वी माझ्या चुका काढायची.

मी काय करू? खरंच, मी काय करू? सगळे सांगतात धीर धर. धीर धरून धरून माझी बोटं दुखायला लागली.

धाकटी


१६ नोव्हेंबर

ताई,

रागावली असशील. लिहायला काही चांगलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

शाळा सुटली. म्हणजे त्यांनी सोडवली. सप्टेंबरात प्रार्थनेच्या वेळी ती समोर पडली, ओठ फाटला. मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या, "बरी झाली की आपलीच शाळा आहे." आता ती पूर्ण वेळ मशीनखाली. ह्यांनी एक जुनी गादी आणून तिथे अंथरलीये, चारी बाजूंनी उशा. मी वर शिवते. खाली पाय आपटल्याचा आवाज आला की मशीन थांबवते, घड्याळ बघते, वहीत लिहिते, तोंड पुसते आणि परत शिवायला लागते. कधी कधी वाटतं, मी आई नाही, नुसती कारकून आहे.

डाव्या हाताने ती आता पेला धरत नाही, सगळं उजव्यानेच करते. डॉक्टर म्हणाले, औषधांचा परिणाम असेल. हे म्हणतात दुसरा डॉक्टर गाठू. मी म्हणते, काय सांगेल तो वेगळं? पाचवं औषध?

तिचे तीन फ्रॉक आखूड झालेत, ह्यांनीच गठ्ठा बांधून टपालात टाकलाय. तुझ्या खणात ठेव. आपली नाही तर नाही, दुसऱ्याची मुलं तरी सुकी घरी जाऊ देत.

धाकटी


४ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतेय. आधीची तीन फाडली, त्यात नुसता राग होता.

फ्रॉक मिळाले. खणात ठेवण्याआधी धुवायला टाकले, तर मशीनमधून खडखड आवाज. काढून बघितलं. निळ्या फ्रॉकच्या डाव्या मनगटाच्या दुमडीत एक वजन. चौकटीच्या फ्रॉकला दोन. पिवळ्याला चार, आणि त्याची डावी बाही उजवीपेक्षा तीन बोटं लांब, हात झाकला जाईल इतकी. उजव्या बाहीत कशातच काही नाही. मी ते तिन्ही पलंगावर ओळीने मांडले आणि परत मोजले, एक, दोन, चार.

हीच ना तुझ्या धंद्यातली युक्ती?

तो हात थांबतच नाहीये, खरं ना? फिट नसतानाही चालू असतो, आणि वाढत चाललाय. तू तो लपवत चाललीस. डॉक्टरांपासून, शाळेपासून, माझ्यापासून. तुझ्या त्या जाड वहीत त्याची एक ओळ नाही.

आता मी काय सांगते ते वाच आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. एका बाजूचा हात असा महिनोन् महिने उडत राहणं आणि मग त्यातलं बळ जाणं, हे दमण्याचं लक्षण नसतं, औषधांचंही नसतं. मी अशी दोन मुलं बघितलीत. त्यांच्या मेंदूच्या एकाच बाजूला सूज होती. आतून पेटलेली, हळूहळू पसरणारी. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये ती दिसतही नाही. पहिल्यांदा जे दिसतं, ते हाताचं उडणं.

आणि हात हलू देऊ नकोस हे मीच लिहिलं होतं. एकोणीस वर्षं ज्याला कचरा म्हणत आले, त्यातच सगळं होतं. तुझी चूक निम्मी आहे, धाकटे. निम्मी माझी.

उद्याच्या उद्या मोठ्या इस्पितळात जा. बिनबाहीचा फ्रॉक घाल. धरू नकोस, झाकू नकोस, डॉक्टरांसमोर हात टेबलावर ठेव आणि हलू दे.

अंगावरच्या फ्रॉकला किती आहेत?

ताई


१९ डिसेंबर

ताई,

सात.

तुझं पत्र वाचून मी पहिलं काय केलं असेल तर तुला शिव्या घातल्या, मोठ्याने. "तूच म्हणालीस ना!" भिंगरी गादीवरून विचारते, "कोण काय म्हणालं?" मग मी तुझं जानेवारीतलं पत्र काढून परत वाचलं. तू पाऊण तासापुरतं सांगितलं होतंस. दहा महिने मी माझ्या मनाने केलं.

आलेखासाठी एक घातलं. मग वाटलं, शाळेत तरी लोक हसणार नाहीत. आणि मग खरं सांगू? मलाच ते बघवत नव्हतं. फिट येते आणि जाते, पण तो हात जेवताना, हसताना, झोपेतसुद्धा नाचत राहायचा. तिच्या अंगात दुसरंच कुणी बसलंय असं वाटायचं. वजन घातलं की पडद्यासारखा सरळ लोंबायचा आणि मला वाटायचं, आज बरी आहे. वाढलं की आणखी एक. फ्रॉक पाठवण्याआधी उसवायचं राहिलं, की कुणीतरी पकडावं म्हणून राहू दिलं, ते माझं मलाच कळत नाही.

ह्यांच्या समोर मी सात टाके उसवले. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. ते घड्याळ घेऊन बसले आणि मोजलं. मिनिटाला बहात्तर वेळा. मग उठून बाहेर गेले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या आहेत, आवाज अगदी हळू. त्यांनी हात टेबलावर ठेवून घेतला आणि बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग विचारलं, "कधीपासून?" मी सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "ते फ्रॉक कुठे आहेत?" नवा स्कॅन काढला. उजवी बाजू पांढुरकी दिसते आणि डावीपेक्षा आक्रसलेली. नुसत्या डोळ्यांनीही कळतं.

त्यांनी मला कागदावर काढून समजावलं. अंगात रोगाशी लढायला जी फौज असते, तीच वाट चुकून मेंदूत शिरते आणि आपल्याच घराला आग लावते. त्याने सूज येते, सुजेने फिट येते, आणि प्रत्येक फिट त्या सुजेला आणखी खतपाणी घालते. आपण इतके दिवस नुसती फिट दाबत होतो, खालची आग तशीच.

त्यांना तारखा हव्यात. हात कधी सुरू झाला, कधी किती वाढला. माझ्या वहीत त्यातलं काही नाही. पण ताई, फ्रॉक मी उरलेल्या पडद्यांच्या कापडातून शिवते. निळा दवाखान्याच्या पडद्यांतला, फेब्रुवारी. चौकटीचा मेच्या वाचनालयाचा. पिवळा ऑगस्टमधल्या हॉटेलचा. कुठल्या कामाच्या वेळी कितवं वजन घातलं ते मला पाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फ्रॉकच आणा. वजनं काढली नसतील तर उत्तम.

काढली नाहीस ना?

धाकटी


६ जानेवारी

धाकटे,

नाही काढली. तिन्ही फ्रॉक जसेच्या तसे पाठवतेय, प्रत्येकाला चिठ्ठी टाचली आहे.

इथल्या थोरल्या डॉक्टरांना तिची सगळी हकीकत सांगितली. सूज उतरवायची औषधं आहेत. स्टेरॉइड देतात, शिरेतून दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं देतात. तुमच्या बाई करताहेत ते बरोबर आहे. पुढचं पुढे बघू. आता घाई नको, धीर सोडू नकोस.

तिचं तोंड स्टेरॉइडने गोल होईल आणि ती सारखी खायला मागेल. देत जा.

ताई


२२ मार्च

ताई,

"पुढचं पुढे बघू." किती सहज लिहिलंस! तुला ठाऊक होतं.

जानेवारीत तिला पाच दिवस शिरेतून औषध दिलं. नऊ दिवस, ताई, नऊ दिवस एकही फिट नाही. हाताचं उडणं मिनिटाला वीसवर आलं. ह्यांनी रजा टाकली, तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरले. मला वाटलं, सुटलो. दहाव्या दिवशी दुपारी ती भात खाता खाता थांबली, आणि मी चमच्याकडे बघूनच ओळखलं. परत दिलं, तर चार दिवस. तिसऱ्यांदा एकही नाही. आता दिवसाला तीसच्या वर होतात. वही भरली, दुसरी आणली. डावा पाय ओढत चालते. तोंड टरबुजासारखं गोल झालंय आणि आतली भिंगरी कुठे गेली कळत नाही. काल पडद्याची कडी दाखवून म्हणाली, "आई, ह्याला काय म्हणतात?" कडीला काय म्हणतात, विचारते.

काल डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवलं. म्हणाल्या, या आजारात औषध बहुतेक वेळा नुसता वेळ काढून देतं. थांबवायचं तर एकच मार्ग आहे. ऑपरेशन करून उजवी बाजू उरलेल्या मेंदूपासून तोडून टाकायची. मग आग असली तरी पलीकडे जाणार नाही. त्याचे परिणामही सांगितले, सावकाश, एकेक करून. डाव्या हाताची बोटं कायमची जातील. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसणार नाही. चालणं परत शिकावं लागेल. बोलणं बहुधा वाचेल, कारण ते डाव्या बाजूला असतं. पण वाट बघितली तर बोलण्याचीही खात्री नाही.

मी विचारलं, दहा महिने आधी आले असते तर? त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. थोडा वेळ मिळाला असता. शेवट कदाचित हाच असता." ते "कदाचित" माझ्या छातीवर बसलंय, हलत नाही.

हे म्हणतात, सही करणार नाही. माझ्या पोरीचं अर्धं डोकं कापायला मी सही करणार नाही. आणि मी? जो हात हलू नये म्हणून मी देवाला, शिशाला, तुला, सगळ्यांना विनवलं, तो आता कधीच हलणार नाही असं लिहून द्यायचं? माझ्याच सहीने?

बहीण म्हणून नको सांगूस. तुझ्या खोलीत आलेली परकी बाई आहे मी. काय सांगशील?

धाकटी


३० मार्च

धाकटे,

हो, ठाऊक होतं. थोरल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. औषध लागू पडेल अशी आशा होती, आणि तुला ती चार दिवस तरी मिळावी म्हणून मी गप्प राहिले. म्हणजे मीही बाहीत वजन घातलं.

परकी बाई म्हणून विचारलंस. तर त्या दोन मुलांबद्दल सांगते. एकाच्या घरच्यांनी सही केली. तो मुलगा दरवर्षी तपासणीला येतो. डावा हात खिशात, पाय जरासा फेंगडा, दाराची डावी चौकट न दिसल्यामुळे खांदा आपटतो, आणि मग चौकटीला शिवी देतो. पाढे येतात. खोटं बोलता येतं. गेल्या वर्षी मला विचारलं, "तुम्ही म्हाताऱ्या कधी झालात?"

दुसऱ्याच्या घरच्यांनी दोन वर्षं वाट बघितली. तोही येतो. त्याला आणतात. तो काही विचारत नाही.

सही कर. त्यांच्या हातात पेन तू दे. ते रागावतील, रागावू देत.

मी रजा टाकली आहे. शनिवारी पोचते. तारा मी लावणार.

ताई


११ जुलै

ताई,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. तुझी चप्पल इथेच राहिली आहे, भिंगरी ती उजव्या पायात घालून हिंडते. हिंडते म्हणजे भिंत धरून, पण हिंडते.

ऑपरेशनला तेरा आठवडे झाले. वहीत एकाही फिटची ओळ नाही. सुरुवातीला मी रोज तारीख टाकून पुढे "नाही" लिहायचे. मग भिंगरीच म्हणाली, "नाही तर कशाला लिहितेस?" बोलते, ताई. शब्द शोधत, पण बोलते. परवा ह्यांनी भाजीचा चमचा सांडला, तर म्हणते, "बाबांना पण फिट आली." ह्यांनी मागे वळून तोंड धुतल्यासारखं केलं.

हात मात्र गेला. खांदा उचलता येतो, कोपर थोडंसं हलतं. बोटं नाहीत. मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो, विसरून गेली तर टेबलाखाली अडकतो. तुला आठवतं, शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलं होतं. पांढऱ्या चादरीवर नुसता पडलेला. इतका शांत. मला हवा होता तसाच. तुझ्यासमोर रडले नाही, पण बाहेर जिन्यात जाऊन हातात तोंड खुपसून बसले होते. वाटत होतं, हे मला मिळालेलं फळ आहे.

ते तीन फ्रॉक डॉक्टरीणबाईंकडेच आहेत. शिकाऊ डॉक्टरांना दाखवतात म्हणे, बाही उलगडून. मी परत मागितले नाहीत.

काल तिला नवा शिवला. शाळेच्या पडद्यांतला, हिरवा. पुढच्या महिन्यापासून घेतो म्हणालेत. दोन्ही बाह्या मुद्दाम सारख्या ठेवल्या, हलक्या, कोपरापर्यंत. वजनांचा डबा मी कपाटाच्या वर टाकून दिलाय, हल्ली पडद्यांनासुद्धा दुसरीकडून घालून घेते. तिने फ्रॉक घातला, आरशासमोर उभी राहिली, आणि कपाळाला आठ्या.

"आई, तू वजन विसरलीस."

मी म्हटलं, "आता हात हलत नाही बाळा. आता नको."

"पण मग तो कुठे आहे ते मला कळत नाही," ती म्हणाली. "वजन असलं की खांद्याला कळायचं."

मी खालीच बसले, ताई. तिला वाटलं, मी रागावले. म्हणाली, "एकच घाल. सगळ्यांना दिसलं तरी चालेल."

स्टूल घेतलं, डबा काढला. तिच्या पुढ्यात ओतला. तिने उजव्या हाताने एकेक उचलून बघितलं, तळहातावर तोललं आणि त्यातलं एक मला दिलं. तिच्यासमोर बाही लांब केली, तिच्यासमोर टाका घातला, दोरा तिने दाताने तोडला. मग ती खोलीत दोन फेऱ्या मारून आली. दाराच्या चौकटीपाशी थांबली, डावा खांदा सांभाळून घेतला आणि निघून गेली.

मग मी वही उघडली. कित्येक आठवड्यांनी एक ओळ लिहिली. दहा जुलै, डावी बाही, एक वजन. तिने मागितलं म्हणून. सोमवारी डॉक्टरीणबाईंना दाखवणार आहे.

तुझी धाकटी